९२ व्या वर्षी ग्रॅमी मिळालेली मोलकरीण

२६ फेब्रुवारी १९८५ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा होता. संगीताच्या क्षेत्रात ज्या पुरस्काराचा जगभर सर्वांत जास्त गाजावाजा होतो, तो हा पुरस्कार. त्या वर्षीच्या विजेत्यांत एलिझाबेथ कॉटन नावाच्या एक कृष्णवर्णीय आजी होत्या. वय वर्षे ९२. वयाच्या नवव्या वर्षी शाळा सोडून त्या लोकांच्या घरी कामाला लागल्या आणि सत्त्याहत्तरी गाठली तेव्हा त्यांच्या हातातली कामे सुटली. मधल्या काळातील बहुतेक वर्षे त्यांनी दुसऱ्यांचा स्वयंपाक केला, दुसऱ्यांचे कपडे धुतले, दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री केली.

आमच्या वाचक भगिनींपैकी कितीतरी जणी पहाटे उठून आधी आपल्या घरची चूल आणि मग चार घरची धुणीभांडी करतात. एलिझाबेथबाईंची हकीकत त्यांच्यासाठी मुद्दाम येथे देत आहोत.

पुरस्कार मिळाला की कलावंताचे नशीब फळफळले, असे आपण समजतो. पेपरात फोटो येतो, वस्तीत बॅनर लागतो, शाल आणि पुष्पगुच्छ देऊन सत्कार होतो. पण सत्कार आटोपून कलावंत घरी गेल्यावर काय होते? घरभाडे कोण भरते? औषधपाण्याचे काय? ज्या गाण्याला टाळ्या पडल्या त्या गाण्याचे पैसे कोणाच्या खिशात जातात? एलिझाबेथबाईंच्या आयुष्यात या प्रश्नांची उत्तरे फार स्पष्ट दिसतात.

त्यांचा जन्म ५ जानेवारी १८९३ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यात चॅपेल हिल या गावाजवळ झाला. पाच भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा २८ वर्षे झाली होती, पण दक्षिणेकडील राज्यांत काळ्यांची शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, वस्तीही वेगळी. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या पाणवठ्याला हात लावू दिला जात नव्हता, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

घरात या धाकट्या मुलीला नाव असे नव्हतेच. सगळे तिला 'छोटी बहीण' अशा अर्थाच्या लाडक्या नावाने हाक मारीत. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी विचारले, तुझे नाव काय? तेव्हा या मुलीने तिथल्या तिथे स्वतःचे नाव स्वतःच ठेवले - एलिझाबेथ. आपल्याकडे याच्या उलट घडत असे. शाळेच्या दाखल्यावर मास्तर लिहील ते नाव. धोंड्या, कचरू, दगडी अशी किती नावे आपल्या मागच्या पिढ्यांनी जन्मभर वागवली! १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत गौतम, राहुल, सिद्धार्थ, सुजाता आले तेव्हा नाव स्वतः निवडण्यात काय असते ते आपल्याला कळले. हा नावाचा धागा ध्यानात ठेवावा, कारण एलिझाबेथबाईंच्या पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ नावातच आहे.

त्यांच्या मोठ्या भावाकडे एक बँजो होता. आपल्या बेंजो पार्टीतला नव्हे. हा लांब दांड्याचा, डफासारख्या गोल पोटाचा, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी अमेरिकेत रुजवलेला तंतुवाद्याचा प्रकार. भाऊ कामाला गेला की ही मुलगी गुपचूप तो काढून वाजवायची. ती डावखुरी. वाद्य सगळे उजव्या हाताचे. शिकवायला कोणी नाही आणि तारा बदलून बसवायची सोय नाही, कारण वाद्य तिचे नाही. मग तिने वाद्यच उलटे धरले! भाऊ घर सोडून गेला तेव्हा बँजोही गेला. त्यानंतर घरकामाची नोकरी सुरू झाली. पगार महिन्याला एक डॉलरच्या आसपास. तो साठवून ३ डॉलर ७५ सेंटची एक गिटार घेतली. तीही उजव्या हाताची, तीही उलटी धरूनच वाजवली. गिटारवादक अंगठ्याने खर्जाच्या तारा छेडतात आणि बोटांनी गाण्याची चाल काढतात. उलट्या गिटारमुळे एलिझाबेथबाईंचे नेमके फिरले : बोटांनी खर्ज आणि अंगठ्याने चाल. पुढे या पद्धतीला त्यांच्याच आडनावाने 'कॉटन' पद्धत म्हणू लागले आणि आज जगभर गिटार शिकणारी मुले ती मुद्दाम शिकतात. हातात असलेल्या अडचणीच्या वाद्यातून एका कामकरी मुलीने काढलेली ती वाट होती.

घराजवळून रेल्वेचे रूळ जात. रात्री मालगाडीचा आवाज घरात ऐकू येई. अकरा-बारा वर्षांच्या वयात तिने त्या मालगाडीवर एक गाणे रचले, 'फ्रेट ट्रेन'. साधी चाल, थोडे शब्द. पळून जाण्याची ओढ त्यात आहे आणि मरणाचा विचारही आहे. एवढ्या लहान मुलीला मरणाचा विचार कशाला सुचावा, असे कोणी विचारील. शाळा सोडून भांडी घासणाऱ्या मुलीला काय काय सुचते ते पांढरपेशांना ठाऊक नसते.

१९१० साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांचे फ्रँक कॉटन यांच्याशी लग्न झाले. मुलगी झाली. आणि गिटार सुटली. संसार हे एक कारण होतेच, पण चर्चमधील वडीलधाऱ्यांनी बजावले की देवाची गाणी वाजव, ही ऐहिक गाणी सोड. त्यांनी सोडली. चर्चमध्ये एखाद्या वेळी वाजवले असेल तेवढेच. बाकी सुमारे २५ वर्षे त्या गिटारपासून दूर राहिल्या. त्याच काळ्यांच्या चर्चमधून महालिया जॅक्सनसारखी थोर गायिका आणि मार्टिन ल्यूथर किंगसारखा नेता निघाला हे खरे. पण धर्माच्या नावाने बाईच्या हातून तिचे वाद्य काढून घेतले गेले हेही तितकेच खरे, आणि ते लिहिलेच पाहिजे.

याच काळात, १९१३ साली, प. पू. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. बाबासाहेब ग्रंथालयात रात्रंदिवस वाचीत बसले होते, तेव्हा त्याच देशाच्या दक्षिणेत एलिझाबेथ कॉटन नावाची विशीतली एक बाई कष्टाचा संसार ओढत होती. अमेरिकेतील काळ्यांच्या प्रश्नाकडे बाबासाहेबांचे शेवटपर्यंत लक्ष होते. १९४६ साली त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले होते.

नवऱ्यापासून वेगळ्या झाल्यावर एलिझाबेथबाई मुलीबरोबर वॉशिंग्टनला राहायला गेल्या. १९४० च्या दशकाच्या शेवटी तेथे एका मोठ्या दुकानात नोकरी करीत असताना एक लहान मुलगी गर्दीत आईपासून चुकली. बाईंनी तिला आईपर्यंत नेऊन पोहोचवले. ती मुलगी म्हणजे पेगी सीगर आणि आई म्हणजे संगीत रचनाकार रूथ क्रॉफर्ड सीगर. वडील चार्ल्स सीगर हे लोकसंगीताचे नामांकित अभ्यासक. प्रसिद्ध गायक पीट सीगर हा त्यांच्याच पहिल्या घरचा मुलगा. रूथबाईंनी एलिझाबेथबाईंना आपल्या घरी कामाला बोलावले. घरातल्या धाकट्या लेकराला एलिझाबेथ म्हणता येईना, ते 'लिबा' म्हणू लागले आणि तेच नाव जगात पसरले. एका दृष्टीने गोड, पण पाहा, पुन्हा नाव दुसऱ्यानेच ठेवले. आपल्याकडे निदान 'मावशी' म्हणून तरी हाक मारतात. आडनाव मात्र चार-चार वर्षे कोणी विचारीत नाही.

त्या घरात भिंतीभिंतीला संगीत होते. गिटारही होती. काम आटोपले की एलिझाबेथबाई ती हातात घेत आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे आठवून पाहात. एके दिवशी पेगीने ते ऐकले. घरातले सगळे थक्क झाले. लोकसंगीत शोधायला गावोगाव हिंडणाऱ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरातच लोकसंगीत उभे होते! त्या मुलांनी त्यांची गाणी शिकून घेतली, आणि माइक सीगर या मुलाने पुढे बाईंच्या घरी जाऊन त्यांचे वादन ध्वनिमुद्रित केले. १९५८ साली फोकवेज कंपनीने त्याची तबकडी काढली. तेव्हा बाई पासष्ट वर्षांच्या होत्या.

पण त्याआधीच गाणे हातातून निसटले होते. पेगी इंग्लंडला गेली, तेथे तिने 'फ्रेट ट्रेन' लोकांना गाऊन दाखवले. लोकांना ते आवडले. १९५७ साली चास मॅकडेव्हिट यांच्या गायक मंडळीने, नॅन्सी व्हिस्की या गायिकेसह, ते ध्वनिमुद्रित केले आणि इंग्लंडमध्ये ते पहिल्या पाचांत गेले. तबकडीवर रचनाकार म्हणून नावे कोणाची? इंग्लंडमधल्या दोघा भलत्याच पुरुषांची! वॉशिंग्टनमध्ये एक बाई इस्त्री करीत होती आणि तिने बालपणी रचलेल्या गाण्याचे पैसे समुद्रापलीकडे दुसऱ्यांच्या नावावर जमा होत होते. 'हे तर लोकगीत, त्याला कोण रचनाकार असणार' ही समजूतही अशा वेळी सोयीची ठरते. गोरगरिबांच्या तोंडी असलेले गाणे ते लोकगीत, आणि सुटाबुटातल्या माणसाने कागदावर उतरवले की त्याची मालमत्ता!

सीगर कुटुंबाने हे प्रकरण लावून धरले आणि अखेर एलिझाबेथबाईंचा गाण्यावरील हक्क मान्य झाला. तरीही कित्येक तबकड्यांवर पुढे अनेक वर्षे चुकीचीच नावे छापली जात राहिली. सीगर मंडळींना याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण मनात येते, ते कुटुंब वजनदार नसते तर? आणि बाई दुसऱ्या एखाद्या घरी कामाला असत्या तर?

१९६० पासून त्या माइकबरोबर जाहीर कार्यक्रम करू लागल्या. पुढे १९६४ साली न्यूपोर्टच्या मोठ्या लोकसंगीत महोत्सवात त्यांचे वादन झाले. पीटर, पॉल अँड मेरी या गाजलेल्या त्रयीने १९६३ साली त्यांचे गाणे गायले. एवढे सगळे झाले तरी बाई लोकांच्या घरी कामाला जातच होत्या. कार्यक्रम उरकून परत आले की पुन्हा झाडू. घरकाम त्यांनी १९७० साली सोडले.

इतकी वर्षे का? त्याचे एक कारण कायद्यात आहे. अमेरिकेत १९३५ साली म्हातारपणच्या पेन्शनचा मोठा कायदा झाला, त्यातून घरकामगार आणि शेतमजूर वगळलेले होते. दक्षिणेतील बहुसंख्य काळे लोक याच दोन कामांत होते. १९५० साली कायद्यात सुधारणा होऊन नियमित काम करणाऱ्या घरकामगारांना त्यात घेतले गेले, तेव्हा एलिझाबेथबाईंच्या कामाची चाळीसहून अधिक वर्षे हिशेबाबाहेर निघून गेली होती. आपल्या महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडले, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. ज्या भगिनींनी अजून नोंदणी केली नसेल त्यांनी चौकशी करावी.

१९६७ साली त्यांची आणखी एक तबकडी निघाली. तिच्यातले मुख्य गाणे घरातील एकेक वस्तू गहाण टाकण्याविषयी आहे. त्याचे शब्द बाईंच्या पणतवंडांनी मिळून जुळवले. झोपायच्या वेळी मुले गोळा व्हायची, एकेकाने एकेक कडवे रचायचे, असा घरचा खेळ. ते गाणे तबकडीवर गायले बारा वर्षांच्या पणतीने. आजीने फक्त गिटार धरली. गहाणाचा विषय लेकरांना खेळात सुचतो, यावरून त्या घराची परिस्थिती समजावी. आणि ज्या बाईचे गाणे चोरीला गेले होते तिने पोरांचे श्रेय पोरांना दिले, तेही ध्यानात घ्यावे.

कार्यक्रमांचे मानधन आणि गाण्याचे मिळू लागलेले पैसे साठवून त्यांनी १९७८ साली न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहरात घर घेतले आणि मुलगी-नातवंडांसह तेथे राहायला गेल्या. वय ८५. जन्मभर दुसऱ्यांची घरे आवरणाऱ्या बाईला स्वतःच्या कमाईचे घर मिळाले ते या वयात. ग्रॅमी यायला अजून सात वर्षे होती.

आता ग्रॅमीकडे येऊ. १९८३ साली कॅलिफोर्नियातील आरहूली नावाच्या छोट्या कंपनीने त्यांच्या मैफलींची तबकडी काढली. तिच्यात गाणी आहेत आणि गाण्यांच्या मध्ये बाई श्रोत्यांना आपल्या बालपणाच्या गोष्टी सांगतात तेही आहे. तिला पारंपरिक लोकसंगीताच्या विभागात ग्रॅमी मिळाला. आदल्याच वर्षी अमेरिकन सरकारच्या कलाविषयक संस्थेने त्यांना राष्ट्रीय वारसा सन्मान दिला होता. ग्रॅमी स्वीकारताना त्या एवढेच म्हणाल्या की माझी गिटार सोबत असती तर तुम्हा सर्वांना एक गाणे वाजवून दाखवले असते.

ग्रॅमीत रोख रक्कम नसते. सोनेरी मुलाम्याचा एक लहान ग्रामोफोन मिळतो, बस्स. खरा लाभ नंतरचा : जाहिरातीत नावापुढे 'ग्रॅमी विजेत्या' असे लागते, जुन्या तबकड्यांना पुन्हा मागणी येते, कार्यक्रमाचा दर वाढतो, मोठ्या सभागृहांची दारे उघडतात. हा लाभ घ्यायला अंगात ताकद आणि पुढे वर्षे हवीत. ९२ व्या वर्षी गावोगाव किती फिरणार? तरी त्या फिरल्या, वाजवले. १९८७ च्या वसंत ऋतूत ओडेट्टा या प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायिकेने न्यूयॉर्कमध्ये त्यांचा कार्यक्रम ठेवला, तो शेवटचा. २९ जून १९८७ रोजी सिरॅक्यूजमध्ये त्यांचे निधन झाले. २०२२ साली अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांची नोंद केली, मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी.

त्याच १९८५ च्या सोहळ्यात आणखी एका कृष्णवर्णीय स्त्रीचा मोठा गौरव झाला : टीना टर्नर. टेनेसी राज्यातील कापसाच्या मुलखात जन्मलेली, तीही तरुणपणी लोकांच्या घरी काम केलेली. मूळ नाव ॲना मे बुलक. 'टीना टर्नर' हे नाव नवऱ्याने ठेवलेले. त्या नवऱ्याने तिला वर्षानुवर्षे मारहाण केली. १९७८ साली घटस्फोट झाला तेव्हा तिने पैसा, मालमत्ता बहुतेक सोडून दिली, पण एक गोष्ट मात्र मागून घेतली, ते नाव वापरण्याचा हक्क. नाव नवऱ्याचे असले तरी त्यावर मेहनत तिची होती. नंतरची काही वर्षे कर्ज फेडण्यात, लहानसहान हॉटेलांत गाण्यात गेली. १९८४ साली तिची 'प्रायव्हेट डान्सर' ही तबकडी प्रचंड खपली आणि पुढच्या वर्षी वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रणासह तीन ग्रॅमी तिच्या पदरात पडले. वय ४५. तिच्या आयुष्याला मात्र पुरस्काराने वेग दिला. १९८८ च्या जानेवारीत ब्राझीलमध्ये रिओच्या मैदानावर तिला ऐकायला सुमारे एक लाख ऐंशी हजार लोक जमले होते.

टीना टर्नर १९७३ पासून बौद्ध होती. जपानी परंपरेतील सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचे पठण ती रोज करी, आणि त्या छळातून बाहेर पडण्याचे बळ आपल्याला त्यातून मिळाले असे ती सांगे. आपली वाट बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांची आहे, मंत्रपठणाची नाही. तरी मार खाणारी एक बाई बुद्धाकडे वळते आणि ताठ उभी राहते, हे आपल्या बायकांना ठाऊक असावे. २०२३ साली स्वित्झर्लंडमध्ये तिचे निधन झाले.

ग्रॅमीतील एक बारकावा येथे सांगण्यासारखा आहे. टीनाला ज्या गाण्यासाठी पुरस्कार मिळाला त्याच गाण्यासाठी दुसरा वेगळा ग्रॅमी ते लिहिणाऱ्या-रचणाऱ्या दोघांना मिळाला. गाणारा वेगळा, रचणारा वेगळा, दोघांची नोंद वेगळी. आपल्याकडे हेच होत नाही.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर विठाबाई नारायणगावकरांचे घ्यावे लागते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडात वाढलेली ही मातंग समाजाची लेक तमाशाची सम्राज्ञी झाली. १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना पदक मिळाले. फडावर असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली बाई म्हणून त्यांची कथा सगळा महाराष्ट्र सांगतो. म्हातारपण मात्र पैशाच्या ओढाताणीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या तेव्हा दवाखान्याचे बिल देणगीदारांच्या पैशांतून भागवावे लागले. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. पदके दोन्हीकडे होती. एलिझाबेथबाईंकडे पदकाआधी गाण्याची मालकी आली होती, विठाबाईंच्या पदकामागे तसे काही नव्हते. लावणी गाणारी, नाचणारी बाई रात्रीच्या सुपारीवर जगते; ती रात्र सरली की तिच्या कलेचा हिशेब संपतो.

आणि आपले शाहीर? भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत ज्यांनी बाबासाहेबांचा विचार वाडीवस्तीवर, गिरणगावात, चाळीच्या गॅलरीत नेला, त्यांच्या हातात कोणते कागद होते? आपल्या कवींनी एक उपाय पूर्वीच शोधला होता. शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफायचे. वामनदादांच्या गीतात शेवटी 'वामन' येतो, म्हणून पन्नास वर्षांनंतरही कोणी म्हणू शकत नाही की हे गीत माझे. नाव काढायचे तर कडवे मोडावे लागते, ठेका चुकतो. गरिबाने गाण्यातच ठोकलेले ते नोंदणीचे शिक्के होते. पण कॅसेटचा धंदा आला तेव्हा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीच्या बाजारात ज्या कॅसेट खपल्या, त्यांच्या कव्हरवर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव अनेकदा मुंगीएवढे, नाहीतर मुळीच नाही. कित्येकांनी ठरावीक रकमेला गाणे देऊन टाकले. पैशाची नड असते तेव्हा माणूस कागद वाचत नाही.

म्हणून ज्यांच्या घरात गाणे लिहिणारा, चाल लावणारा किंवा गाणारा कोणी असेल त्यांनी काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. भारतात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. गाणे लिहिले की लिहिणाराच त्याचा पहिला मालक असतो. त्यासाठी सरकारी नोंदणी सक्तीची नाही. तरी वहीत तारीख घालून, सही करून ठेवावे, आणि नोंदणी करता आली तर पुराव्याला बरे पडते. हक्क दुसऱ्याला देणे लेखीच व्हावे लागते, तोंडी बोलण्याला अर्थ नाही. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो. 'सर्व हक्क कायमचे दिले' अशी ओळ आधीच छापलेली असेल तर सही करण्यापूर्वी कोणा जाणत्याला दाखवावी. हक्क विकला तरी रचनाकार म्हणून आपले नाव लावून घेण्याचा अधिकार शिल्लक राहतो. २०१२ साली या कायद्यात सुधारणा झाली, आणि गीतकार व संगीतकारांना ध्वनिमुद्रणाच्या पुढच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतील बरोबरीचा वाटा मिळाला. हा वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. द्यायचा तर फक्त आपल्या वारसाला किंवा रचनाकारांच्या नोंदणीकृत संस्थेला देता येतो. आता गाणी मोबाईलवर ऐकली जातात, तेथेही हा हिशेब लागू आहे.

हा हक्क लिहिणारा जिवंत असेपर्यंत असतोच, शिवाय त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. म्हणजे कायद्याप्रमाणे त्यांच्या गीतांवरील हक्काची मुदत २०६४ च्या डिसेंबरअखेरपर्यंत आहे.